हवालदारांची चाल

सैनिकी इस्पितळाच्या मागे, धुलाईघराला लागून, कृत्रिम पाय बनवण्याचं एक वर्कशॉप होतं. पायवाल्यांनी तिथे एकोणचाळीस वर्षं काढली. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर आहे, पण पोस्टमनसुद्धा खाली उभा राहून "पायवाले" अशीच हाक मारतो. मूळचे ते सुतार. एकोणिसाव्या वर्षी इस्पितळात खुर्च्या दुरुस्त करायला म्हणून गेले आणि तिथेच चिकटले. खुर्चीला चार पाय असतात, माणसाला दोन, म्हणजे काम अर्धंच, असं त्यांना पहिल्या दिवशी कुणीतरी सांगितलं होतं. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की खुर्ची तक्रार करत नाही, माणूस करतो.

काम असं चालायचं. उरलेल्या पायावर ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घ्यायचा. साच्यावरून लाकडाची खोबण कोरायची, कानशीनं घासून आतून गालासारखी गुळगुळीत करायची. मग लांबी ठरवायची. लांबी दोनदा मोजतात, एकदा माणूस झोपलेला असताना टेपनं, आणि दुसऱ्यांदा नवा पाय घालून उभा केल्यावर. उभ्या मोजणीत कमरेच्या दोन्ही हाडांवर बोटं ठेवायची आणि ती एका पातळीत येईपर्यंत नव्या पावलाखाली पाव इंची फळ्या सरकवायच्या. किती फळ्या लागल्या, तेवढी लांबी वाढवायची. मगच कार्डावर 'उभी चाचणी झाली' असं लिहून सही करायची. वर्कशॉपमध्ये या सहीला फार मान होता. एकदा ती झाली की पुढचा प्रत्येक पाय त्याच कार्डावरून करत.

यंदा स्मृतिदिनाच्या पाच दिवस आधी त्यांची नात शाळेतून आली ती दप्तर न काढताच त्यांच्या खोलीत घुसली. वय वर्षं अकरा. एका जागी बसत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. पायवाले शेजाऱ्यांच्या स्टुलाला खिळा ठोकत होते.

"आजोबा, उठा. मला चालायला शिकवा."

"अकरा वर्षांची घोडी झालीस, अजून चालता येत नाही?"

"येतं हो! हवालदार आजोबांसारखं. या वर्षी मी हवालदार आहे. सर म्हणाले, तुझ्या घरातच मास्तर आहे, फुकट शिकून ये."

हवालदार थंडीत गेले होते. गेली चाळीस वर्षं स्मृतिदिनाची फेरी त्यांच्यामागून निघायची. शाळेच्या फाटकापासून चौकातल्या दगडापर्यंत. दगडावर चाळीसेक वर्षांपूर्वीच्या युद्धातून परत न आलेल्या बावीस जणांची नावं आहेत. तेविसावे हवालदार, ते आले, उजवा पाय गुडघ्यापासून खाली तिथेच ठेवून. फेरीत एक रीत आपोआप पडली होती. हवालदारांच्या पुढे कुणी जायचं नाही. ते ज्या वेगानं चालत त्याच वेगानं साठ मुलं, त्यांचे शिक्षक, मागे अडकलेल्या दोन बस आणि एखादी ॲम्ब्युलन्ससुद्धा. उजवं पाऊल टेकलं की त्यांचा उजवा खांदा खाली जायचा आणि डोकं किंचित डावीकडे झुकायचं. लांबून, पाठमोरे असले तरी, लोक म्हणायचे, हवालदार आले. एका वर्तमानपत्रानं पहिल्याच वर्षी लिहिलं होतं, की या वीरानं रणांगणाची खूण चालीत जपली आहे. ते वाक्य पुढे शाळेच्या फळ्यावर दरवर्षी येत राहिलं. यंदा हवालदार नाहीत, तर चाल तरी असावी, म्हणून व्यायामाच्या सरांनी साठही मुलांना ती शिकवायला घेतली होती. मैदानावर साठ मुलं एका ठेक्यात लंगडत होती.

भिंगरीनं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय फरफटत नेऊन दाखवला.

"हा कुठला हवालदार? हा तर काटा रुतलेला माणूस झाला," पायवाले म्हणाले. मग त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि स्वतः चालून दाखवलं. चार पावलं. खांदा, डोकं, कंबर, सगळं बरोबर. सुनेनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि हवालदारच घरात आल्यासारखं तिला वाटलं.

"बॉम्ब लागला की सगळे असंच चालतात?" भिंगरीनं विचारलं.

"छे. पाय नीट बसला तर कळतसुद्धा नाही. तुमच्या शाळेच्या गेटवरचा शिपाई आहे ना, त्याचा डावा पाय माझ्या हातचा."

"शिपाईकाकांचा? ते तर आमच्यामागे पळतात!"

"पळणारच. नीट बसलाय."

"मग हवालदार आजोबांचा नीट नव्हता बसला?"

पायवाले पुन्हा स्टुलापाशी जाऊन बसले. त्यांनी खिळा हातात घेतला, तो सरळच होता, तरी हातोडीनं हळूच ठोकून सरळ केला. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना डॉक्टरांनी विचारला नव्हता, साहेबांनी नव्हता, हवालदारांनीही नव्हता. थाप मारता आली असती. पण पोरगी समोर एका पायावर उभी होती आणि तिला चाल बरोबर शिकायची होती.

"नाही," ते म्हणाले. "एक इंच आखूड झाला होता. माझ्याकडून."

आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं.

युद्ध एकोणीस दिवस चाललं, पण वर्कशॉपमध्ये ते सात महिने चाललं. एरवी महिन्याला सहा पाय व्हायचे, त्या वर्षी चाळीस होऊ लागले. प्लास्टर सुकायला जागा नव्हती म्हणून साचे जिन्याच्या पायऱ्यांवर मांडलेले असत. पायवाले तेव्हा तिशीचे. वॉर्डात पोरं थट्टा करायची, पायवाले, आता बूट घेताना एकच घ्यावा लागेल, दुसरा तुम्ही घ्या. हवालदार त्यातले थोराड, तेहतीस वर्षांचे. झोपलेल्या स्थितीत त्यांची लांबी मोजायची होती, पण धड पायाच्या टाचेत छर्रे घुसलेले, त्यावर हे एवढं बँडेज. टाच नेमकी कुठे संपते ते दिसेना. पायवाल्यांनी अंदाजानं आकडा लिहिला. उभ्या चाचणीत दुरुस्त होईलच, असं मनाशी धरलं. चाचणीच्या दिवशी अकरा जणांना संध्याकाळच्या गाडीनं घरी पाठवायचा हुकूम आला. नऊ जणांची चाचणी झाली. दहावे हवालदार. ते पाय घालून उभे राहिले, दोन पावलं टाकली आणि लहान पोरासारखे हसले. म्हणाले, "झकास आहे. जाऊ द्या मला, घरी पोरगी चालायला लागलीय म्हणे, दोघं बरोबरच शिकू." पायवाल्यांनी फळ्यांकडे हात नेला नाही. कार्डावर 'उभी चाचणी झाली' असं लिहिलं आणि सही केली.

आठ महिन्यांनी दगडाचं अनावरण झालं. पायवाले गर्दीत मागे उभे होते. हवालदार समोरून चालत गेले तेव्हा त्यांनी पाठीमागून खांदा पाहिला. पाय किती आखूड आहे हे सांगायला त्यांना टेप लागला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं असं ठरवून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ते वाक्य आलं.

"पण नंतर दुसरा पाय केलात ना?" भिंगरी म्हणाली. "तेव्हा बरोबर करायचा."

"पाच वर्षांनी आले. मी पाव इंच वाढवून पाहिला. ते म्हणाले, परका वाटतोय, होता तसाच करा."

"मग तुम्ही सांगायचं ना, का वाढवलाय ते!"

"हो."

"सांगितलं नाहीत?"

"नाही. होता तसा केला."

खरं तर त्यांना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही त्यांनी तिला सांगितलं. त्याच कार्डावरून त्यांनी तिसरा केला, चौथा केला. पाचवा त्यांच्या निवृत्तीनंतर वर्कशॉपमधल्या नव्या पोरांनी केला, फायबरचा, वजनाला हलका आणि दिसायला देखणा. पण कार्ड तेच होतं, खाली सही होती, त्यामुळे तोही एक इंच आखूड. आणि दरवर्षी दगडापाशी हवालदार गर्दीतून पायवाल्यांना शोधून पुढे ओढायचे, खांद्यावर हात टाकायचे आणि मुलांना सांगायचे, "मी चालतोय तो या माणसामुळे." मुलं टाळ्या वाजवायची. पायवाले जमिनीकडे पाहायचे. लोक म्हणायचे, किती विनयशील माणूस!

भिंगरीनं उचललेला पाय खाली टेकवला.

"मी नाही चालणार तसं," ती म्हणाली. "ती तर तुमची चूक आहे. ती कशाला चालायची सगळ्यांनी?"

"सरांना काय सांगशील?"

"जे आहे ते."

"सांग. पण दोन दिवस थांब. आधी मला वहिनींकडे जाऊन येऊ दे."

वहिनी म्हणजे हवालदारांच्या पत्नी. पायवाले गेली चाळीस वर्षं त्यांच्या घरी चहाला जात होते. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉट, गादीखाली लाकडी फळी. कॉटच्या उशाशी खिळ्याला गरम पाण्याची रबरी पिशवी टांगलेली, कोरडी. टेबलावर हवालदारांचा शेवटचा पाय वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. शाळेच्या काचेच्या कपाटात तो ठेवायचा ठरला होता.

"बरं झालं आलात, भावजी," वहिनी म्हणाल्या. "बघा ना, पट्टा पार कडक झालाय. जरा तेल द्या त्याला. पोरं बघणार, तर नीट दिसू दे."

पायवाल्यांनी कागद सोडला. पाय मांडीवर घेतला. कातडी पट्ट्यावर बोट फिरवलं आणि मान वर न करता बोलायला सुरुवात केली. कार्ड, बँडेज, संध्याकाळची गाडी, सही. मध्ये एकदाही थांबले नाहीत. वहिनींनी दोन्ही हात पदरात घेतले होते.

"किती म्हणालात?"

"एक इंच."

वहिनींनी टेबलाच्या कडेवर अंगठ्याचं पेर टेकवून पाहिलं. साधारण तेवढंच.

"आणि कंबर?"

पायवाल्यांना हा प्रश्न येणार हे माहीत होतं. याच प्रश्नाच्या भीतीनं त्यांनी चाळीस वर्षं इथे चहा पिऊनही विषय काढला नव्हता. "त्यानंच. माणूस वर्षानुवर्षं तिरका चालला की भार कमरेवर येतो."

"मी आठ डॉक्टर केले," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एक म्हणाला मणका झिजलाय, एक म्हणाला थंडी बाधलीय. ही फळी त्यांच्याच सांगण्यावरून घातली. रोज संध्याकाळी पाऊण तास शेकायची मी. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं, युद्धाचं दुखणं आहे, माणसाबरोबरच जाईल. कण्हायचेसुद्धा नाहीत. म्हणायचे, अगं, बाकीचे बावीस परतच आले नाहीत, मी कमरेचं काय रडगाणं गाऊ?"

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. पायवाले पट्ट्याचं बक्कल लावत होते, काढत होते.

"त्यातलं युद्धाचं किती आणि तुमचं किती, ते मला नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

"पाय युद्धात गेला. कंबर माझ्यामुळे."

"आणि चाल?"

"तीही माझ्यामुळे."

"त्यांना सांगितलं असतंत तर काय म्हणाले असते, वाटतं तुम्हाला?"

पायवाल्यांनी विचार केला. "हसले असते."

"हसलेच असते. पाठीत एक धपका घातला असता आणि नवा पाय करून घेतला असता. म्हणूनच त्यांना सांगायला हवं होतं." वहिनी उठल्या. "मला हसू येत नाही."

त्यांनी पायवाल्यांच्या मांडीवरून पाय उचलला. "राहू द्या. तेल मी देईन." दारापर्यंत त्या आल्या नाहीत. पायवाले चपला घालत असताना आतून एवढंच म्हणाल्या, "शाळेत तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर चुगली होईल, पोरीनं सांगितलं तर अफवा."

मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हतं. ते सज्जन गृहस्थ होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नव्हतं. "अहो, तीन दिवसांवर कार्यक्रम आलाय. पाहुणे ठरलेत. चाळीस वर्षांनी कशाला उकरायचं? दगडावरची नावं तर काही बदलत नाहीत."

"दगडावरच्यांचं काही नाही," पायवाले म्हणाले. "हे दगडावर नाव नसलेल्याचं आहे."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला सभागृहात साठ मुलं मांडी घालून बसली. वहिनी पहिल्या रांगेत खुर्चीवर. पायवाल्यांना भाषणाची सवय नव्हती. त्यांनी पाव इंची चार फळ्या आणल्या होत्या. व्यायामाच्या सरांना उभं करून, त्यांच्या एका बुटाखाली एकेक सरकवत, कमरेचं हाड कसं वर जातं ते दाखवलं. सर तिरके झाले तसं पोरं खिदळली. मग पायवाल्यांनी पुढचं सांगितलं आणि खिदळणं थांबलं.

एका मुलानं हात वर केला. "मग ते शूर नव्हते?"

"होते. पेरलेल्या सुरुंगांत दोन जण अडकले होते. सुरुंग आहेत हे माहीत असून ते आत गेले. एकाला बाहेर आणलं. दुसऱ्यासाठी परत गेले तेव्हा पाय गेला. ते सगळं तसंच आहे. त्यात माझा काही हात नाही."

"दुसऱ्याचं काय झालं?"

"दगडावर सातवं नाव."

"तुम्हाला शिक्षा झाली?" मागून एका मुलीनं विचारलं.

"नाही."

"का?"

"कुणाला माहीतच नव्हतं."

"मग आता होईल?"

मुख्याध्यापक खाकरले. वहिनी खुर्चीतून उठल्या आणि मुलांकडे वळल्या. "परवा कुणी लंगडायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते काही हौसेनं लंगडत नव्हते. आपापल्या चालीनं चाला. फक्त हळू. घाई करायची नाही, एवढंच त्यांचं होतं."

स्मृतिदिनाला सकाळी नऊला फेरी निघाली. भिंगरी सर्वांत पुढे, हवालदारांची टोपी तिच्या भुवयांपर्यंत आलेली. ती सावकाश, सरळ चालत होती. हळू चालणं तिला जड जात होतं ते लांबूनही दिसत होतं. मागे साठ मुलं. सर्वांत शेवटी पायवाले, एकटे.

बाजारपेठेत दुकानदार नेहमीसारखे पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. ओळखीचं काहीच येत नव्हतं. कुणी टोपी काढली नाही, कुणी गाडी थांबवली नाही. एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत मुलांच्या बाजूनं सरळ पुढे निघून गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी फेरीला ओलांडून गेलं.

"कसली मिरवणूक आहे हो?" चष्म्याच्या दुकानातल्या नव्या पोरानं मालकाला विचारलं.

"हवालदारांची असायची," मालक म्हणाले. मग त्यांना पायवाले दिसले. "काय पायवाले, पोरं चाल विसरली वाटतं? माणूस जाऊन सहा महिने नाही झाले! यांना काही शिकवलं की नाही?"

पायवाले थांबले. पुढे जाऊ का, असं त्यांच्या पायांना वाटलं असावं, कारण एक पाऊल आधीच पुढे पडलं होतं. ते त्यांनी मागे घेतलं आणि दुकानाच्या पायरीपाशी गेले. "विसरली नाहीत," ते म्हणाले. "ऐका. मी सांगतो." मालकांनी ऐकून घेतलं. हातातला चष्मा पुसत आत गेले.

फेरी तोवर वळणापर्यंत गेली होती. वळणावर लाँड्रीवाल्यानं तेच विचारलं. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे आता कशाला सांगता? चांगलं होतं ते." पुढे औषधांच्या दुकानातल्या बाई भेटल्या. हवालदारांना कमरेची मलमं त्याच द्यायच्या. त्यांना सांगायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण त्या मध्येच रडायला लागल्या आणि पायवाल्यांना त्यांच्यासमोर नुसतं उभं राहावं लागलं.

ते चौकात पोहोचले तेव्हा पुष्पचक्र वाहून झालं होतं. बावीस नावं वाचून झाली होती. मुलं बिस्किटांच्या रांगेत लागली होती आणि भिंगरी टोपी हातात घेऊन दगडाच्या पायरीवर बसली होती. वहिनी दगडाजवळ उभ्या होत्या. पायवाल्यांना खांद्याला धरून पुढे ओढणारं कुणी नव्हतं. ते आपणच पुढे गेले.

"उशीर केलात," वहिनी म्हणाल्या.

"लोक विचारत होते. सांगत आलो."

"किती जणांना सांगितलंत?"

"तिघांना."

वहिनींनी चौकाकडे नजर टाकली. अजून दीड-दोनशे माणसं होती. काही पाहुण्यांभोवती, काही नुसतीच रेंगाळत.

"मग अजून बरेच राहिले," त्या म्हणाल्या, आणि भिंगरीकडून टोपी घेऊन, तिची कड हातानं सारखी करत, घराच्या दिशेनं निघून गेल्या.

पायवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सतरंज्या गुंडाळणारा मांडववाला सर्वांत जवळ होता. ते त्याच्यापाशी गेले आणि सतरंजीचं दुसरं टोक धरलं.